भूल उतरताना: गाद्यांची खोली की पाण्याचा हौद?

शर्यतीच्या घोड्याचं मोडलेलं हाड जोडणं एक, आणि भूल उतरताना ते जोडलेलं राहणं दुसरंच. शुद्ध येताच घोडा उठायला धडपडतो. १९७५ मध्ये रफियन ही अमेरिकी घोडी शुद्धीवर येताना इतकी तडफडली की शस्त्रक्रिया वाया गेली. तिला दयामरण द्यावं लागलं.

गाद्या लावलेली खोली सोपी, कमी खर्चाची. डोक्याला-शेपटीला दोर बांधून आधार देता येतो. साध्या शस्त्रक्रियेला एवढं पुरे.

हौदाचा थाट मोठा. मे २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटर या पशुरुग्णालयात बार्बारो या शर्यतीच्या घोड्याचा उजवा मागचा पाय प्लेट-स्क्रूंनी जोडला, मग त्याला रबरी तराफ्यात घालून पाण्यात सोडलं. पाय झाडले तरी आपटायला काही नाही! पण माणसं, यंत्रं, पैसा सगळंच जास्त लागतं.

प्लेट बसवलेल्या पायासाठी मी हौदच निवडेन. अर्थात तो पहिले काही तासच निभावतो. बार्बारोला जुलैत डाव्या मागच्या खुराचा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराचा दाह झाला, कारण जास्तीचा भार त्याच पायावर पडत होता. २९ जानेवारी २००७ ला त्यालाही दयामरण दिलं गेलं.