पाण्याच्या ताणातली पाने: क्यूपीसीआर करावे की आरएनए-सीक्वेन्सिंग?

पाणी तोडलेल्या झाडाच्या पानात कोणती जनुके चढली आणि कोणती उतरली हे मोजायला बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात: आरटी-क्यूपीसीआर (निवडक जनुकांच्या आरएनएच्या प्रती चक्रागणिक वाढवून मोजणे) किंवा आरएनए-सीक्वेन्सिंग (नमुन्यातला सगळा आरएनए वाचून मोजणे). खर्चाचा हिशेब नंतर करा. कोणती जनुके बघायची हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे का, यावर अर्धा निर्णय होतो.

ठाऊक असेल तर क्यूपीसीआर. समजा ताणाचे संप्रेरक अ‍ॅब्सिसिक आम्ल बनवणारे एनसीईडी, प्रोलिनसाठी पी५सीएस, ताणाची इतर जनुके चालू करणारे डीआरईबी२, पेशी जपणारे एखादे डिहायड्रिन आणि पाणी वाहून नेणारी दोन-तीन अ‍ॅक्वापोरिन अशी आठ जनुके आणि दोन संदर्भ जनुके (पातळी स्थिर मानून ज्यांच्या तुलनेत बाकीची मोजायची ती) आहेत. पाच झाडे ताणात, पाच नियमित पाण्यावर आणि सहा वेळा नमुने, म्हणजे ६० नमुने. दहा जनुके आणि प्रत्येकी दोन तांत्रिक पुनरावृत्ती धरल्या तर १२०० खळगे (प्रत्येकात एक अभिक्रिया) होतात, ३८४ खळग्यांच्या चार प्लेटांत बसणारे काम. याच ६० नमुन्यांचे सीक्वेन्सिंग करायचे तर नमुन्यामागे किमान २ कोटी रीड्स (वाचलेले छोटे तुकडे) धरून १२० कोटी रीड्स लागतात. ताण वाढत जाताना आणि पुन्हा पाणी दिल्यावर जनुक कसे वागते हा प्रश्न असेल, तर वेळांची संख्या महत्त्वाची ठरते आणि तिथे क्यूपीसीआरच परवडते.

पण क्यूपीसीआरचा आकडा संदर्भ जनुकाच्या खांद्यावर उभा असतो. नियमित पाण्यावरच्या, म्हणजे नियंत्रण, झाडात लक्ष्य जनुकाचा सीटी (ज्या चक्राला संकेत दिसू लागतो तो आकडा; कमी म्हणजे आरएनए जास्त) २७.४ आणि संदर्भाचा १९.२ आला, फरक ८.२. ताणातल्या झाडात हेच २४.४ आणि २०.२ आले, फरक ४.२. या दोन फरकांतला फरक, म्हणजे डेल्टा-डेल्टा सीटी, उणे ४; प्रत्येक चक्रात प्रती दुप्पट होतात, म्हणून १६ पट वाढ. आता संदर्भाकडे नीट बघा: दोन्हीकडे सारखाच आरएनए घेऊनही तो एका चक्राने मागे पडला आहे. ताणामुळे त्याचीच अभिव्यक्ती निम्मी झाली असेल तर खरी वाढ फक्त ८ पट आहे. जीएपीडीएच, ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन ही ‘स्थिर’ म्हणवली जाणारी जनुके तीव्र ताणात हलू शकतात. आधीच्या शोधनिबंधातून नाव उचलू नका. सहा ते आठ उमेदवार स्वतःच्याच नमुन्यांवर तपासून त्यांतली किमान दोन घ्या.

दुसरी अडचण झाडांच्या इतिहासातली. पॉप्लरसारख्या झाडांत संपूर्ण जीनोमचे द्विगुणन होऊन गेले आहे, त्यामुळे एकाच जनुकाच्या दोन जवळपास सारख्या प्रती सापडतात. प्रायमर (ठरावीक जनुकाला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) दोघींना चिकटला तर एक चढती आणि एक उतरती प्रत मिळून ‘काही बदल नाही’ असे उत्तर येते. मेल्ट कर्व्हमध्ये (क्यूपीसीआरचे उत्पादन तापवून काढलेल्या आलेखात) एकच शिखर दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. शक्य तिथे प्रायमर ३' टोकाच्या अनुवाद न होणाऱ्या (प्रथिनात न उतरणाऱ्या) भागात बसवावा आणि उत्पादन एकदा सीक्वेन्स करून बघावे.

सीक्वेन्सिंगची खरी ताकद अनपेक्षित जनुके पकडण्यात आहे. तिचे यश मात्र जीनोमवर अवलंबून असते. पॉप्लरचा जीनोम २००६ पासून हाताशी आहे. तुमच्या प्रजातीचा नसेल तर ट्रिनिटीसारख्या संगणकीय साधनाने रीड्स एकमेकांना जोडून शून्यापासून जुळणी करावी लागते. साधारण १० लाख रीड-जोड्यांमागे १ जीबी मेमरी धरा. वर एकाच जनुकाचे अनेक तुकडे हाती येतात, ते निस्तरण्यात पुढचे दिवस जातात.

पैसा वाढवायचा तर झाडांवर वाढवा, रीड्सवर नको. तीन झाडांऐवजी सहा घेतली तर जे दिसते ते २ कोटी रीड्सचे ४ कोटी करून दिसत नाही. बियांपासूनची रोपे असतील तर हे आणखीच खरे, कारण प्रत्येकाची जनुकीय घडण वेगळी असते. आणि एकाच झाडाची तीन पाने म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत, ही चूक अजूनही छापून येते.

आरएनए काढणे दोन्हीकडे सारखेच त्रासाचे, पण शिक्षा वेगळी. जून झालेल्या, फिनॉलयुक्त पानांवर साध्या फिनॉल-ग्वानिडिन अभिकर्मकाने अनेकदा तपकिरी, चिकट गोळा हाती येतो. तिथे २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारे डिटर्जंट), २ टक्के पीव्हीपी (फिनॉल बांधून ठेवणारे) आणि ऐनवेळी घातलेला बीटा-मरकॅप्टोइथेनॉल असलेला ६५ अंश सेल्सिअसचा बफर वापरावा; क्लोरोफॉर्मने धुऊन २ मोलर लिथियम क्लोराइडमध्ये रात्रभर ४ अंशांवर आरएनए खाली बसवावा. २६०/२३० गुणोत्तर (२६० आणि २३० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचे) १.८ च्या खाली असेल तर शर्करा किंवा फिनॉल उरले असण्याची शक्यता मोठी. क्यूपीसीआरमध्ये हे लगेच पकडता येते: सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) दहापट पातळ केल्यावर सीटी सुमारे ३.३ ने वाढायला हवा. दोननेच वाढला तर मूळ नमुन्यात अभिक्रिया दबली होती. थोडा तुटलेला आरएनए क्यूपीसीआर चालवून घेते, कारण तुकडा ८० ते १५० बेसचाच असतो. पॉली-ए पद्धतीच्या (आरएनएच्या ३' टोकाची पॉली-ए शेपटी पकडणाऱ्या) सीक्वेन्सिंगमध्ये मात्र अशा आरएनएच्या रीड्स ३' टोकाकडे झुकतात. पानांत हरितलवकाचा राइबोसोमल आरएनए असल्याने आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे याचा आकडा) मुळातच थोडा कमी दिसतो. आकड्याबरोबर आलेखही बघा.

नमुना घेण्यातली चूक कोणतेच यंत्र दुरुस्त करत नाही. अनेक जनुके दिवसाच्या घड्याळावर चालतात. नियंत्रण झाडांची पाने नऊला आणि ताणातल्यांची बाराला तोडली, तर तीन तासांचा फरक ‘दुष्काळ’ म्हणून मोजला जातो. दोन्ही गटांतली झाडे आलटून पालटून घ्यावीत, सारख्या वयाची पाने तोडावीत आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावीत. त्याच दिवशी पहाटेपूर्वीचे जलविभव (पानात पाण्याचा ताण किती आहे याचे माप) दाबकक्षाने मोजावे. ‘दहा दिवस पाणी बंद’ हे ताणाचे माप नव्हे. मोठी कुंडी आणि लहान कुंडी दहा दिवसांत एकसारखी सुकत नाही.

दोन्हींच्या मधली वाटही आहे. पूर्ण वेळापत्रकातल्या दोनच टप्प्यांचे, म्हणजे मध्यम आणि तीव्र ताणाचे, प्रत्येक गटात सहा झाडे घेऊन सीक्वेन्सिंग करावे, म्हणजे २४ नमुने. त्यातून निवडलेली आठ-दहा जनुके सर्व टप्प्यांवर क्यूपीसीआरने बघावीत. फक्त मोजणीच हवी असेल आणि जीनोम चांगला असेल, तर ३' टोकाचे सीक्वेन्सिंग नमुन्यामागे ५० लाख ते १ कोटी रीड्समध्ये भागते. सीक्वेन्सिंग झालेल्याच आरएनएवर पुन्हा क्यूपीसीआर करून ‘पडताळणी’ लिहिण्याचा रिवाज मात्र आम्हाला फारसा पटत नाही. त्यातून फक्त दोन यंत्रांचे एकमत कळते. तोच खर्च नव्या झाडांच्या दुसऱ्या संचावर केला तर निष्कर्ष त्या सहा झाडांपलीकडे टिकतो का, ते समजते.