भाव दोनशे ऐंशी, पण कशाचा? गोव्यातील एका जेवणाचा अनुभव

गेल्या जुलैमध्ये माझे पती, सासूबाई, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि मी असे चौघे पाच दिवसांसाठी गोव्याला गेलो होतो. समुद्रात डुंबण्याचा हा हंगाम नव्हे हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही गेलो होतो ते जेवण्यासाठी. रानात वारुळांवर उगवणाऱ्या आळम्यांचे, म्हणजे रानटी अळिंब्यांचे, तोंडाक हे वाटणाचे कालवण, तेऱ्याची म्हणजे रानअळूची भाजी, ताजी मासळी मिळणार नाही म्हणून उन्हाळ्यातच साठवून ठेवलेल्या सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरे घातलेली कोशिंबीर, हे पदार्थ पावसाळ्यातील गोव्याचे आहेत. कोकम आणि तिरफळ घातलेले हुमण, म्हणजे माशांचे कालवण, एका हिंदू घरी, तर माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटलेला रेशाद हा लाल मिरचीचा मसाला शेजारच्या ख्रिस्ती घरी, अशी दोन स्वयंपाकघरे इतक्या जवळ नांदत असलेला प्रदेश पोटभर अनुभवावा, ही सासूबाईंची फार दिवसांची इच्छा होती. त्या मूळच्या मालवणकडच्या असून मासळीतले त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी अधिक कळते. तरीही आम्ही फसलो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

फसवणुकीची सुरुवात भोजनगृहात नव्हे, टॅक्सीत झाली. आम्ही एका लहान खाणावळीचे नाव लिहून नेले होते. ते ऐकताच चालक म्हणाला, "ते पावसाळ्यात बंद असतं, मावशी. मी तुम्हाला आमच्या लोकांच्या जागी नेतो." आम्ही दूरध्वनी करून खात्री करून घ्यायला हवी होती, पण पाऊस कोसळत होता आणि दीड वाजून गेला होता. त्याने आम्हाला किनाऱ्यालगतच्या एका मोठ्या भोजनगृहाशी उतरवले आणि तो स्वतः मागच्या दाराने आत गेला. निघताना पाहिले तर तोही तेथेच जेवला होता आणि त्याच्याकडे कोणी पैसे मागितले नव्हते. आम्ही लिहून नेलेली खाणावळ त्या दिवशी उघडी होती, हे दुसऱ्या दिवशी कळले.

पदार्थांच्या यादीत भाजी, भात, सोलकढी यांच्यापुढे किमती होत्या. मासळीच्या रकान्यात मात्र किमतीऐवजी 'आकारानुसार' एवढेच छापलेले होते. वेटरने परातीत बर्फावर ठेवलेली भली मोठी सुरमई, म्हणजे गोव्यातील विस्वण, आणून दाखवली. "आज पहाटेच उतरलीय, चौघांना पुरेल," असे तो म्हणाला. सासूबाईंनी कल्ले उचलून पाहिले. ते लालभडक होते. भाव विचारल्यावर "दोनशे ऐंशी" एवढेच उत्तर आले. आम्ही ते एका ताटातील तळलेल्या तुकड्यांचे धरले, म्हणजे चौघांचे अकराशे वीस रुपये. दोनशे ऐंशी हे नेमके कशाचे, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. मासा वजनासाठी आणि साफ करण्यासाठी आत गेला, आणि वजनकाटा आम्ही पाहिलाच नाही.

वास्तविक 'आज पहाटेच उतरली' हे शब्द ऐकताच आम्ही सावध व्हायला हवे होते. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारी बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ असल्यामुळे यंत्रांवर चालणाऱ्या नौकांना समुद्रात जाता येत नाही. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तेवढी सूट असते. मुसळधार पावसात लहान होडीने खोल पाण्यातील एवढी मोठी सुरमई त्याच पहाटे आणली असेल, हे फारसे संभवत नाही. या दिवसांत विकली जाणारी मोठी मासळी बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. तसे स्पष्ट सांगून ती विकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते खोटे सांगून ताज्या मासळीचा भाव घेणे.

ताटे आली तेव्हा सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "अगं, हा तो मासा नव्हे. याचं मांस भुसभुशीत झालंय." डोक्याचे हुमण करून द्याल का, असे त्यांनी वेटरला विचारले, कारण एवढ्या मोठ्या विस्वणीचे डोके मासे खाणारे कोणतेही घर टाकत नाही. डोके टाकून दिल्याचे उत्तर मिळाले. मासा बदलला होता हे मी सिद्ध करू शकत नाही, परंतु मासळी निवडण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या जिभेवर माझा विश्वास आहे.

बिल म्हणून कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेली चिठ्ठी आली. मासा 1 किलो 850 ग्रॅम, शंभर ग्रॅमला 280 रुपयांप्रमाणे 5,180 रुपये. बाकी जेवण आणि पाणी 1,420. त्या 6,600 वर दहा टक्के सेवाशुल्क 660. आणि या सर्वांवर पाच टक्के जीएसटी 363. एकूण 7,623 रुपये. आमच्या समजुतीप्रमाणे करासह हे जेवण 2,667 रुपयांचे होते. आम्ही हरकत घेतली तेव्हा व्यवस्थापकाने गल्ल्यामागे टांगलेली लहानशी पाटी दाखवली. तिच्यावर 'प्रति 100 ग्रॅम' हे शब्द बारीक अक्षरांत होते आणि बसण्याच्या जागेवरून ती दिसणे शक्य नव्हते. दरम्यान तीन-चार कामगार टेबलाभोवती येऊन उभे राहिले. त्यांनी कोणाला हात लावला नाही, अपशब्दही वापरला नाही, पण सासूबाई घाबरल्या आणि "पैसे द्या आणि चला," असे म्हणू लागल्या. घरातील वृद्ध माणसाची ही घालमेल अशा ठिकाणी हेरली जाते, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

सेवाशुल्काच्या बाबतीत मात्र मी माघार घेतली नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार भोजनगृहाला सेवाशुल्क परस्पर बिलात जोडता येत नाही. ते देणे न देणे ग्राहकाच्या इच्छेवर आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी या सूचना ग्राह्य ठरवल्या. मी तेथेच भ्रमणध्वनी काढला आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला दूरध्वनी करते असे सांगितले, तेव्हा सेवाशुल्क आणि त्यावरील कर असे 693 रुपये वजा झाले. पाण्याच्या बाटलीला छापील किमतीहून जास्त पैसे घेतले म्हणून माझे पती भांडू लागले, पण तो वाद आमच्या बाजूचा नव्हता. भोजनगृहात बसून मागवलेल्या बाटलीला छापील किमतीचे बंधन लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये दिलेला आहे. उरलेले 6,930 रुपये आम्ही क्यूआर कोड वापरून भरले. पैसे कोणत्या नावावर गेले ते मी रात्री पाहिले; ते भोजनगृहाचे नव्हते, एका व्यक्तीचे होते.

आमची खरी अडचण पुढे झाली. घरी परतल्यावर 1915 वर तक्रार नोंदवली, तेव्हा पहिली मागणी बिलाची होती, आणि आमच्या चिठ्ठीवर ना भोजनगृहाचे नाव होते, ना पत्ता, ना तारीख. छापील बिल मागितले तेव्हा "यंत्र बिघडलंय" असे सांगण्यात आले होते आणि आम्ही ते ऐकून घेतले होते. बिलावर जीएसटीचा पंधरा अक्षर-अंकी क्रमांक असल्याशिवाय जीएसटी देऊ नये, कारण नोंदणी नसलेल्याला तो घेण्याचा अधिकारच नाही. आणि कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरणाऱ्या, लहान व्यावसायिकाची नोंदणी असली तरी त्याला ग्राहकाकडून वेगळा कर आकारता येत नाही. क्रमांक खरा आहे का, हे जीएसटीच्या संकेतस्थळावर मिनिटभरात पाहता येते. त्याचप्रमाणे 1 जानेवारी 2022 पासून बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. हे दोन क्रमांक हाती असते तर आमची तक्रार नेमकी कोणाविरुद्ध आहे, हे सांगताना एवढे चाचपडावे लागले नसते.

बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे स्वतःच एक अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला नंतर समजले. या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिलेली आहे, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. प्रवाशाला फसवणारे लोक 'हा कुठला परत येतोय' या हिशेबावर चालतात, म्हणून ही तरतूद प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. आमच्याजवळ चिठ्ठीचे छायाचित्र, पैसे भरल्याची नोंद आणि मुलीने काढलेले परातीतील सुरमईचे छायाचित्र एवढे आहे. ते घेऊन आम्ही जिल्हा आयोगाकडे अर्ज तयार करत आहोत.

दुसऱ्या दिवशी आम्ही लिहून नेलेल्या त्या खाणावळीत गेलो. फळ्यावर खडूने किमती लिहिल्या होत्या. सुक्या सुंगटांची किसमूर, आळम्यांचे तोंडाक आणि उकडा भात होता, ताजी सुरमई नव्हती, आणि "बंदीत कुठून आणायची?" असे मालकीणबाईंनी सरळ सांगितले. लहान बांगडे तेवढे होते. सासूबाईंनी बसण्याआधीच विचारले, "भाव नगाचा की वजनाचा?" बाईंनी नगाचा भाव सांगितला, बांगडे समोर आणून मोजले आणि चुलीकडे नेले.