मोठे ब्रेक बसवले, पेडल मऊ झालं आणि मास्टर सिलेंडरच्या नावाखाली फसवलं

गाडीला मोठे ब्रेक बसवायचा विचार करत असाल तर आधी हे वाचा, माझे साडेएकतीस हजार गेले आणि त्याहून वाईट म्हणजे बायको-पोरं गाडीत असताना ताम्हिणी उतरताना ब्रेक नीट लागत नव्हते.

पुण्यात एका गॅरेजात पुढच्या दोन्ही चाकांना मोठ्या डिस्क, कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग), पॅड असं २४ हजारात बसवून घेतलं, बिलात नवीन डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑईलही लावलेलं. गाडी हातात आली त्याच दिवशी पेडल मऊ, अर्धं खाली गेल्याशिवाय ब्रेक धरेचना आणि भराभर दोन-तीनदा मारलं की पेडल वर यायचं. परत गेलो तर म्हणतो साहेब पिस्टन मोठे आहेत, पेडल खाली जाणारच, ५०० किलोमीटर चालवा, पॅड सेट होतील. यातलं अर्धं खरं आहे म्हणूनच मी फसलो. पिस्टन मोठा असला की पेडल थोडं जास्त जातं, पण मग ते दर वेळी तेवढंच जातं. पंप केल्यावर वर येतंय म्हणजे बहुतेक लाईनमध्ये, म्हणजे ब्रेक ऑईलच्या नळ्यांत, हवा आहे.

मग दोनदा एअर काढायचे सहाशे-सहाशे घेतले, फरक काहीच नाही. शेवटी मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा भाग) गेलाय म्हणून ६,३०० घेतले आणि पेडल होतं तसंच. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात दिला.

गावी जाताना ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर पेडल पंप करत करत कसाबसा खाली उतरलो, पोरगी मागून विचारत होती बाबा काय झालं आणि मला उत्तर देता येईना. माणगावात एक म्हातारे मिस्त्रीकाका भेटले. त्यांनी इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरायला लावलं, ते हळूहळू खाली जातंय का बघितलं. नाही गेलं, म्हणजे मास्टर सिलेंडरचे सील ठीक. तेव्हा मला आठवलं, जुना सिलेंडर होता तेव्हाही सिग्नलला पेडल दाबून धरलं की जागेवरच राहायचं! मग काकांनी पुढच्या कॅलिपरकडे ऑईल नेणारे दोन्ही रबरी होज (पाईप) क्लॅम्पने दाबले आणि पेडल एकदम दगडासारखं झालं, म्हणजे हवा पुढच्या कॅलिपरमध्येच. चाक काढलं तर एअर काढायचा निप्पल खालच्या बाजूला. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे! हवा वरच राहते, निप्पल खाली असला तर दिवसभर एअर काढा, नुसतं ऑईल बाहेर येणार. आणि ऑईल तरी कसलं, काळपट. नवीन डॉट ४ निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पाणी शोषून जुनं झालेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं, घाटात तापून त्याची वाफ झाली असती तर मी आज हे लिहायला असतो का माहीत नाही.

काकांनी कॅलिपर अदलाबदल केले, लांबच्या चाकापासून सुरू करत चारही चाकांची एअर काढली, ऑईलसकट १,४०० घेतले. पेडल पहिल्याच दाबात वर.

तुमचं काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी चाकामागे टॉर्च मारून निप्पल वर आहे ना बघा, ऑईलचा डबा समोर फोडायला लावा, बदललेला पार्ट हातात घ्या. गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. निप्पलचे फोटो आणि सगळी बिलं जपून ठेवलीत, ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार केली आहे.