अँजिओप्लास्टीनंतरची हायब्रिड सायकल : वर्षभराच्या वापराचा अभिप्राय

सायकलींच्या माहितीपत्रकांत वजन, वेग आणि गिअरची संख्या यांचीच वाखाणणी असते. पन्नाशीत हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलेल्या माणसाने काय पाहावे, याचा त्यात उल्लेख नसतो. हृदयरोगतज्ज्ञांनी ट्रेडमिल चाचणी घेऊन परवानगी दिल्यावर मी पुण्यात कोथरूडमधील एका दुकानातून २१ गिअरची, पुढे शॉकअप नसलेली हायब्रिड (रेसिंग आणि माउंटन सायकल यांच्या मधल्या घडणीची) सायकल घेतली. हेल्मेट, दिवे आणि कुलूप धरून खर्च पंचवीस हजारांच्या आत राहिला. वर्षभराच्या वापरानंतर तिच्याबद्दल माझे मत बहुतांशी चांगले आहे, मात्र त्याची कारणे दुकानदाराने सांगितलेल्या कारणांपेक्षा वेगळी आहेत.

या सायकलीची सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तिचा सर्वांत हलका गिअर. पुढची लहान चक्री २८ दात्यांची आणि मागची सर्वांत मोठीही २८ दात्यांची असल्यामुळे पॅडलचा एक फेरा झाला की चाकाचाही बरोबर एकच फेरा होतो, आणि मिनिटाला ६० फेरे मारले तरी वेग ताशी ८ किलोमीटरच्या पुढे जात नाही. तरण्या सायकलस्वाराला हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे चढताना छातीवर ताण न येता पाय फिरत राहणे ज्याला आवश्यक आहे, त्याच्या दृष्टीने सायकलीची सारी किंमत या एका गिअरमध्ये वसूल होते. बिनगिअरच्या सायकलीवर हाच चढ उभे राहून, दम कोंडून चढावा लागतो, आणि आम्हा मंडळींना टाळायचे असते ते नेमके तेच.

दुकानदाराने नाडीचे ठोके दाखवणारे घड्याळ घेण्याचाही आग्रह केला होता. ते बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्याच्या फारसे कामाचे नाही, कारण या गोळ्या ठोक्यांना लगाम घालतात. अंगावर पुरेसा ताण आलेला असतानाही घड्याळातील आकडा खालीच राहतो आणि वयावरून काढलेली नेहमीची मर्यादा दिशाभूल करते. त्यापेक्षा बोलून पाहण्याची साधी कसोटी भरवशाची आहे : सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता आले नाही तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, आणि त्यातील ‘मध्यम’ साधारण हेच. फेरी संपताना एकदम उतरून उभे राहू नये, शेवटची पाच-दहा मिनिटे हलक्या गिअरवर पाय फिरवत राहावे. अन्यथा पायांकडे गेलेले रक्त तेथेच साचून चक्कर येऊ शकते.

टायर ३८ मिलिमीटर रुंदीचे आहेत, आणि हा मुद्दा मी आरामापेक्षा सुरक्षिततेत धरतो. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतात, त्यामुळे किरकोळ पडण्यानेही रक्तस्राव लांबतो आणि डोक्याचा मार तर अधिकच धोक्याचा ठरतो. रस्ता खोदून पुन्हा बुजवताना राहिलेल्या फटीत, किंवा पावसाळी गटाराच्या झाकणाच्या गजांमध्ये, रेसिंग सायकलीचे अरुंद चाक अडकते. हे टायर तेथून निभावून जातात. दुकानात शॉकअपवाल्या सायकलींचीच भलामण जास्त होते, परंतु स्वस्त शॉकअप सायकलीचे वजन वाढवतो आणि चढावर पायांचे बळ खातो. डांबरी रस्त्यासाठी टायरमध्ये ५० ते ५५ पीएसआय दाबाची हवा एवढी व्यवस्था मला पुरेशी वाटली.

तक्रारीही आहेत. सोबत आलेली सीट इतकी कडक होती की ती बदलावीच लागली. नव्या केबल पहिल्या काही आठवड्यांत सैल पडून गिअर आपोआप उडू लागले, आणि त्यासाठीचे ‘मोफत सर्व्हिसिंग’ दुकानात सायकल दोन दिवस पडून राहिल्यावर मिळाले. शेवटी घराजवळच्या मिस्त्रींनी मागच्या डिरेलरजवळचा (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेजवळचा) गोल स्क्रू थोडा थोडा फिरवून पंधरा मिनिटांत काम केले आणि मलाही शिकवले. केबलवर चालणारे डिस्क ब्रेक कोरड्या रस्त्यावर उत्तम आहेत. पावसात ते किंचाळतात, पण धरतात.

सीटची उंची मात्र दुकानातच ठरवून घ्यावी. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा. म्हणजे चालवताना, चवडा पॅडलवर असताना, तो किंचित वाकलेला राहतो. माझ्या दुकानात विक्रेत्याने पाय सहज जमिनीला टेकावेत म्हणून सीट बरीच खाली ठेवली होती. तशी सीट ठेवल्यास हृदयाचे काही बिघडत नाही, मात्र गुडघे दुखू लागतात आणि अनेकांची सायकल तेवढ्याच कारणाने जिन्याखाली जाते.