पाया खणण्याआधीचा शोध

ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथजवळ, ओढ्याकाठी आमचं घर आहे. मागच्या अंगणात सासूबाईंसाठी खोली बांधायची म्हणून न्यू साउथ वेल्स सरकारच्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, वारसास्थळांच्या नोंदवहीत, म्हणजे एएचआयएमएसवर, शोध घेतला. साधा शोध फुकट आहे. लॉट (भूखंड) क्रमांक टाकला, भोवतालचे 200 मीटर धरले. उत्तर आलं: एक स्थळ. आकडा वाचून अंगावर काटा आला. रोज कपडे वाळत घालते ती ही दारुग या मूळ रहिवासी लोकांची भूमी.

शून्य आलं असतं तरी रान मोकळं नव्हतं. नोंद नसलेली दगडी हत्यारंसुद्धा 1974 च्या नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ कायद्याने संरक्षित आहेत, खासगी जमिनीतलीही. वसाहतकाळाचे अवशेष मात्र 1977 च्या हेरिटेज कायद्याखाली येतात. माणसांचा वारसा वन्यजीवांच्या कायद्यात ठेवलाय, हे मला फार खटकतं.

सेवेला पाचपैकी चार. ओढ्याजवळ खणणार असाल तर आर्किटेक्टच्या आधी इथे या. आम्ही आता दारुग जाणकारांसोबत जागा पाहणार आहोत. खोली थांबेल, सासूबाईंची हरकत नाही.