पहिल्या शनिवारची रात्र : सदर की फुटाळा?

"ताई, आमच्या मजल्यावरची पोरं शनिवारी सदरला चाललीत. दुसरा ग्रुप फुटाळ्याला जाणार आहे. मी कुणाबरोबर जाऊ?" मावसभावाचा हा फोन आला तेव्हा त्याला सांगलीहून नागपुरात येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. सदर म्हणजे इथली पबांची वस्ती, फुटाळा म्हणजे तलाव. वय १९. तेरा वर्षांपूर्वी मीही तिकडूनच इथे शिकायला आले आणि इथलीच झाले. फोनवर दोन वाक्यांत त्याचं समाधान होईना. शिवाय दर पावसाळ्यात त्याच्यासारखी कितीतरी मुलं-मुली या शहरात उतरतात आणि पहिल्याच महिन्यात याच प्रश्नापाशी अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रात्री बाहेर पडणं म्हणजे पोर वाया गेलं, अशी भीती आपल्याकडच्या आई-वडिलांना असते. नागपुरात तसं नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. मग ऊन उतरलं की अख्खं शहर घराबाहेर येतं. आजी-आजोबा, कडेवरची लेकरं, सगळे. ही सवय पावसाळ्यात आणि हिवाळ्यातही सुटत नाही. म्हणून बाहेर पडा. प्रश्न एवढाच आहे की कुठे.

आधी सदर. इंग्रजी अमदानीतली ही वस्ती; रेसिडेन्सी रोड आणि आसपास हॉटेलं, लाउंज, पब. इथली रात्र खऱ्या अर्थाने दहानंतर सुरू होते. जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या : महाराष्ट्रात बिअर प्यायचं कायदेशीर वय २१ आणि कडक दारूचं २५ आहे. म्हणजे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या बहुतेक मुलांसाठी तिथे प्यायचा मार्गच कायद्याने बंद आहे. दुसऱ्याचं ओळखपत्र दाखवून आत शिरायचा सल्ला एखादा सीनियर हमखास देतो. तो ऐकू नका, पकडलं गेल्यावर तो तुमच्या शेजारी उभा नसतो. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे. तिथून आलेली मुलं इथली दारूची उघडी दुकानं बघून पहिल्यांदा चाट पडतात, आणि त्यांच्यावर मित्रांचा आग्रहही जास्त होतो. नाही म्हणायचं तर पहिल्याच दिवशी स्पष्ट म्हणा. मग कुणी फारसं मागे लागत नाही, हा माझा अनुभव.

तुम्ही २१-२२ चे असाल, पदव्युत्तर शिक्षणाला आला असाल, तर हिशेब वेगळा. शेवटच्या वर्षाला असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला आम्ही पाचजणी सदरला गेलो होतो. नाचायला मिळालं, ती मजा खरी, त्यात मी खोटं बोलणार नाही. पण आवाज इतका, की समोरासमोर बसून आम्ही मोबाइलवर टाइप करून एकमेकींना दाखवत होतो. साडेअकराला बाहेर आलो तर ऑटोवाला नेहमीच्या चौपट भाडं मागत होता. मोबाइलवरून बोलावलेली गाडी दोनदा रद्द झाली. हॉस्टेलचं गेट दहालाच बंद झालेलं. मैत्रिणीच्या मामीने दार उघडलं म्हणून रात्र निभली. त्या फुटपाथवरची चाळीस मिनिटं मला आतल्या तीन तासांपेक्षा जास्त लक्षात आहेत.

तेव्हा मेट्रो नव्हती. आता आहे, सदरसाठी कस्तुरचंद पार्क किंवा गड्डीगोदाम स्टेशन सोयीचं पडतं. पण रात्री दहाच्या सुमारास ती थांबते, म्हणजे नेमकी सदरची रात्र रंगात येते तेव्हा. शहराच्या दक्षिण टोकाला मिहानमध्ये, एम्स किंवा आयआयएमच्या बाजूला राहणाऱ्यांनी तर परतीचा विचार दोनदा करावा. खापरीच्या पुढचा रस्ता मध्यरात्री लांब आणि सुनसान असतो. आणि प्यायलेल्या मित्राच्या गाडीवर मागे बसू नका. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, पण मला काळजी दंडाची नाही.

आता फुटाळा. भोसल्यांच्या काळातला तलाव, एका अंगाला बसायची लांब जागा, पलीकडे झाडी. दिवेलागणीला तलावावरून वारा सुटतो आणि गर्दी वाढत जाते. चहा, मॅगी, कणीस, गप्पा. दोघांचे शंभर-दीडशे रुपये झाले तरी खूप. सदरला तेवढ्यात पाण्याची बाटली आणि एखादं स्टार्टर येईल, न येईल.

माझी नागपुरातली पहिली ओळख इथेच झाली. एक कणीसवाला पंख्याने निखारे फुलवत होता. अर्धं लिंबू तिखट-मिठात बुडवून त्याने कणसावर वरपासून खालपर्यंत घासलं आणि विचारलं, "कुठच्या हो तुम्ही ताई? इकडच्या नाही वाटून राहिल्या." मी सांगली म्हटलं. "हळदीची न सांगली?" दहा दिवसांत कुणी माझ्या गावाचं नाव घेऊन काही बोललं नव्हतं. मी तिथेच उभी राहून दुसरं कणीस घेतलं. परक्या गावात पहिल्या महिन्यात माणसाला हेच हवं असतं, कुणीतरी कुठची म्हणून विचारावं. पबमध्ये तुम्ही ज्यांच्याबरोबर जाता त्यांच्याबरोबरच परत येता; फुटाळ्यावर शेजारी बसलेलं कुटुंब तुमच्याशी बोलायला लागतं. इथली "करून राहिलो", "येऊन राहिली" ही बोली कानाला आधी खटकते. दोन-तीन संध्याकाळी इथे काढल्या की ती गोड वाटायला लागते.

उणिवाही सांगते. रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पार्किंगवरून बाचाबाची होते, काही पोरं गाड्या दामटतात. गर्दी ओसरल्यावर कडेच्या अंधाऱ्या भागात मुलींनी एकटीने थांबू नये. आणि स्टेशन तलावाला लागून नाही. शंकरनगर किंवा एलएडी चौकाला उतरून ऑटो करावा लागतो.

धरमपेठ-गोकुळपेठ हा मधला पर्याय. फुटाळ्याला कंटाळलात की जा, खाणं चांगलं, उजेड भरपूर. त्याहून जास्त सांगण्यासारखं नाही. सावजी, म्हणजे इथलं झणझणीत जेवण, जेवायला मात्र पोट भक्कम असेल तेव्हाच आणि महाल-इतवारीकडे जा, पहिल्या आठवड्यात नको.

खरं तर मावसभावाने न विचारलेला तिसरा पर्याय मला या दोन्हींपेक्षा मोठा वाटतो : सभागृहं आणि मैदानं. सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, हिवाळ्यात ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर भरणारा खासदार सांस्कृतिक महोत्सव. नाटक, गाणं, कवितावाचन. काही कार्यक्रमांना तिकीटही लागत नाही. सदरमध्ये कानावर हिंदीच जास्त पडते. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, दोन्ही भाषा इथे जुन्या नांदत्या आहेत. पण मराठी ऐकायला आसुसला असाल तर रेशीमबागेकडे वळा.

आणि दसऱ्याच्या आसपासची दीक्षाभूमीची रात्र चुकवू नका. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा घेतली तिथे गावोगावचे लोक येतात, कित्येकजण उघड्यावरच पथारी टाकतात. रात्री उशिरापर्यंत पुस्तकांचे स्टॉल चालू असतात. पांढऱ्या लुगड्यातली एक आजी दुकानदाराला विचारत होती, "नातू सातवीत आहे, त्याले वाचता येईन असं द्या." तिने कमरेच्या चंचीतून घड्या घातलेल्या नोटा काढल्या, पुस्तक पदरात गुंडाळलं आणि मुलाबाळांच्या घोळक्यात गेली. इतक्या वर्षांत या शहरातली यापेक्षा मोठी रात्र मी पाहिली नाही.

तेव्हा बाबा रे, या शनिवारी फुटाळा. सदरला जायचं वय आणि खिसा दोन्ही व्हायला वेळ आहे, आणि जाशील तेव्हा ज्याच्या घरी झोपता येईल असा मित्र आधी जोड. साडेसहाला निघा, तिघे-चौघे बरोबर राहा, साडेनऊच्या आत शंकरनगर स्टेशन गाठा. पोचलास की मला फोन कर, मी जागी असेन. आणि कणीसवाल्याकडून लिंबू जास्त मागून घे, देतो तो.