फ्राय की फॉल्स कॉर्ड: ग्राउल शिकायचं तर सुरुवात कुठून करायची

ग्राउल, म्हणजे मेटल गाण्यांमधला तो गुरगुरणारा आवाज, शिकायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाला सुरुवात फ्राय पद्धतीने करावी की फॉल्स कॉर्डने हा प्रश्न पडतोच, आणि कुणाला विचारायला जावं तर दोन्हीकडचे लोक इतकं ठाम बोलतात की गोंधळ अजून वाढतो. मी दोन्ही शिकलोय, दोन्ही बँडमध्ये वापरून बघितलेत, आता माझा कल एकीकडे आहे आणि तो मी लपवणार नाही. पण प्रत्येकाचा घसा वेगळा, वाजवायचं म्युझिक वेगळं, त्यामुळे शेवटी ठरवायचं तुमचं तुम्हीच. थोडक्यात सांगायचं तर फ्राय म्हणजे खऱ्या व्होकल कॉर्ड्सच्या (स्वरतंतूंच्या) करकरीतून, थोड्या हवेवर काढलेला आवाज, आणि फॉल्स कॉर्ड म्हणजे त्यांच्या वर असलेल्या खोट्या कॉर्ड्स आवळून, भरपूर हवा लावून काढलेला आवाज.

आधी एक सांगतो, या दोन्हींच्या मधली रेघ आपण समजतो तेवढी ठळक नाहीये. लॉर्ना शोअर या मेटल बँडचा गायक विल रामोस अमेरिकेत युटा विद्यापीठात जाऊन घशात कॅमेरा घालून गायला होता, ते फुटेज मिळालं तर जरूर बघा, खऱ्या व्होकल कॉर्ड्सच्या वरचा सगळा भाग किती हलतो, किती आवळतो ते बघून थक्क व्हायला होतं. फ्रायमध्येसुद्धा वरचा तो भाग थोडाफार कामाला लागतोच. फरक आहे तो आवाज कुठून सुरू करायचा आणि हवा किती लावायची यात, म्हणजे फिरून गाडी श्वासावरच येते.

फ्रायचं सगळ्यात मोठं सुख हे की तो घरात शिकता येतो. सकाळी उठल्या उठल्या आवाजात जी करकर असते तिच्यावर थोडा दाब धरायचा, थोडीच हवा सोडायची, आणि हळूहळू ती करकर ओढत न्यायची. आवाज इतका लहान असतो की दार लावून घेतलं तर बाहेर हॉलमध्ये टीव्ही बघणाऱ्यांना पत्ता लागत नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहा नाहीतर घोडबंदरच्या टॉवरमध्ये, भिंतीला भिंत लागून शेजारी आहेतच, त्यामुळे ही गोष्ट छोटी समजू नका. फॉल्स कॉर्डला ही सोय नाही. तो हळू आवाजात नीट लागतच नाही, निदान शिकताना तरी नाही. मी गाडीत बसून काचा वर करून प्रॅक्टिस करायचो तरी वॉचमनकाका येऊन विचारपूस करून जायचे, आणि त्यांचंही बरोबरच आहे. येऊरला जाऊन ओरडायचा सल्ला काहीजण देतात, तो मात्र ऐकू नका, ते जंगल आहे, तिथे बिबटे आहेत, पक्षी आहेत, त्यांना कशाला त्रास.

दुसरं सुख हवेचं. फ्रायला हवा कमी लागते. लांबलचक ओळ एका दमात निघते, वरचे स्क्रीम, ब्लॅक मेटलचा तो चिरत जाणारा आवाज त्यात छान येतो, आणि शब्दही जास्त कळतात. लॅम्ब ऑफ गॉड बँडच्या रँडी ब्लाइदला साधारण फ्रायच्या बाजूचा मानतात, त्याचे शब्द किती स्वच्छ येतात ते ऐका. उलट कॅनिबल कॉर्प्सचा कॉर्प्सग्राइंडर, जो 1995 पासून त्या बँडमध्ये आहे, त्याचा तो जाड, पोटातून आल्यासारखा आवाज फॉल्स कॉर्डच्या बाजूचा समजतात. असा आवाज काढायचा तर हवा धो धो जाते, सुरुवातीला अर्ध्या ओळीतच दम संपतो, आणि चुकीचा श्वास घेतला असेल तर डोकं हलकं होऊन गरगरतं. तसं झालं की लगेच थांबायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं बसायचं.

म्हणजे इथपर्यंत फ्रायचंच पारडं जड दिसतंय, आणि मीही बराच काळ फ्रायच करत होतो.

आता ज्या गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. जॅमरूम, म्हणजे बँडच्या प्रॅक्टिससाठी तासावर भाड्याने मिळणारी खोली. घरी फोनवर रेकॉर्ड केलेला फ्राय ऐकला की वाटतं, झालं, जमलं. मग ठाण्यातल्या नाहीतर वाशीतल्या एखाद्या जॅमरूममध्ये जाऊन उभं राहायचं, बारा बाय पंधराची खोली, एका कोपऱ्यात ड्रम्स, दोन गिटार अँप पूर्ण तापलेले, आणि ड्रमरने डबल बास, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम, सुरू केला की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. मग काय करायचं, तर माइकचा गेन वाढवायचा, म्हणजे मिक्सरवर माइकचा आवाज उचलायचा. गेन वाढवला की त्या माइकमध्ये आपल्यापेक्षा ड्रम्सची क्रॅश सिंबल, म्हणजे ती मोठी झांज, जास्त शिरते, कारण ती आपल्या पाठीमागे नाहीतर समोर चार फुटांवरच वाजत असते. अजून वाढवला की स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी. तो फीडबॅक एकदा सुरू झाला की सगळे थांबतात, बेसिस्ट कानावर हात ठेवतो, तासाचे पैसे चालू असतात आणि आपण मिक्सरपाशी बसून कुठला नॉब कमी करायचा ते शोधत असतो. हे दर रविवारी. गाणं बाजूलाच राहिलं, मिक्सरशीच झटापट.

बरं, यावर लोक काय करतात, तर माइकची जाळी मुठीत धरतात. दिसायला भारी दिसतं, आवाजही जाड झाल्यासारखा वाटतो, पण शुअर एसएम 58 सारखा माइक समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकतो तो त्या जाळीच्या मागच्या मोकळ्या जागेमुळे. ती जागा हाताने बुजवली की तो सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी अजून लवकर येते. म्हणजे लहान आवाजावरचा हा उपायच उलटा पडतो.

आणि खरा त्रास पुढे आहे. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. फ्रायमध्ये जोर लावला की तो थेट खाली खऱ्या कॉर्ड्सवर जातो. घरी अगदी मऊपणे निघणारा आवाज तिसऱ्या-चौथ्या गाण्याला घशात खवखव आणतो, मग खोकला, मग ओळीच्या मधेच आवाज चिरकतो, आणि सोमवारी ऑफिसात फोनवर बोलताना घसा बसलेला. इन-इयर मॉनिटर, म्हणजे स्वतःचा आवाज कानात ऐकवणारे इयरफोन, घेतले, नीट साउंड इंजिनियर मिळाला, तर हा त्रास बराच कमी होत असणार, स्टुडिओत तर तो नसतोच. पण आपल्यापैकी किती जणांकडे ते सगळं आहे? कोपऱ्यातला एक जुना स्पीकर, तोही भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला येतं.

फॉल्स कॉर्ड तिथे वाचवतो. तो मुळातच मोठा आहे, ड्रम्सच्या वर येतो, गेन खाली ठेवता येतो, शिट्टी गेली, सिंबलचा त्रास गेला. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट, की श्वास चुकला तर तो लागतच नाही. खांदे वर उचलून छातीत वरवर श्वास घेतला तर नुसती हवा फुस्स निघते, ग्राउल येत नाही. तेव्हाच कळतं की पाया चुकलाय. फ्रायमध्ये श्वास चुकला तरी घसा आवळून आवाज निघतो, आणि बिल नंतर येतं.

श्वासाचं मी जे करतो ते सांगतो. जमिनीवर उताणं पडायचं, पोटावर एक जाड पुस्तक ठेवायचं, नाकाने शांत श्वास घ्यायचा, पुस्तक वर आलं पाहिजे आणि त्याबरोबर खालच्या बरगड्या बाजूला फाकल्या पाहिजेत, कमरेच्या मागेसुद्धा थोडं भरल्यासारखं वाटतं. मग दातांमधून ‘स्स्स’ करत हवा सोडायची, एकसारखी, ना धक्का ना थरथर, आणि सोडताना बरगड्या पटकन मिटू द्यायच्या नाहीत. हे उभं राहून जमलं की ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ऐरोली ते तुर्भे उभ्या उभ्या करता येतं, कुणाला कळतही नाही. नंतर उसासा. जिना चढून दमल्यावर जो ‘हाऽऽ’ असा जड, मोकळा उसासा निघतो तो मुद्दाम काढायचा, जबडा सैल, जीभ सैल, आणि त्या उसाशाला मधेच किंचित आवळायचं. घशाच्या वरच्या भागात खरखर सुरू होते. दुखता कामा नये, गुदगुल्यासुद्धा होता कामा नयेत. सुरुवातीला आवाज अगदी पातळ, कच्चा येतो, येऊ द्या.

मराठीत लिहिणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. घ, ढ, भ, ख या अक्षरांबरोबर हवेचा झोत आपोआप निघतो, त्यामुळे ‘घाव’, ‘भूक’, ‘ढासळ’ असे शब्द ओळीच्या सुरुवातीला ठेवले की फॉल्स कॉर्डला छान किक मिळते. ‘च’ किंवा ‘त’ वर सुरू होणारी ओळ मला अजूनही अवघड जाते. ऊ आणि ओ वर आवाज खाली बसतो, ई वर पातळ होतो. आणि ओळी लिहितानाच श्वासाच्या जागा पेन्सिलने मारून ठेवा, कारण फॉल्स कॉर्डमध्ये दम लवकर संपतो हे मान्य करूनच चालायला हवं.

ज्यांच्या घरी शास्त्रीय गाणं आहे, आणि ठाण्यात अशी घरं खूप आहेत, पं. राम मराठ्यांच्या नावाचा महोत्सव भरतो ते हे गाव, त्यांना खर्जाच्या रियाजाचा नक्की उपयोग होतो. पहाटे मंद्र सा लावून एकाच श्वासावर स्थिर राहायची सवय म्हणजे निम्मं काम झालेलं. पण खर्ज म्हणजे ग्राउल नव्हे, खर्जात खोट्या कॉर्ड्स बाजूलाच राहतात. त्या खरोखर वापरणारी गायकी बघायची असेल तर सायबेरियातल्या तुवा प्रांतातली कारग्यिरा ही घशातून गायची पद्धत ऐका. त्यात खोट्या कॉर्ड्स खऱ्या कॉर्ड्सच्या निम्म्या वेगाने कंप पावतात, त्यामुळे स्वर एक सप्तक खाली ऐकू येतो. पिढ्यान्पिढ्या लोक तसं गातायत, म्हणजे त्या कॉर्ड्स वापरल्या म्हणून घसा जातो ही भीती काढून टाका.

श्वास आत ओढत काढायचा ग्राउल मी धरलाच नाही, घसा पटकन कोरडा पडतो आणि शब्दांवर ताबा राहत नाही.

तर फ्राय कुणी घ्यावा? ज्यांचं काम मुख्यतः घरच्या रेकॉर्डिंगचं आहे, ज्यांना वरचे स्क्रीमच हवेत, किंवा ज्यांना एकाच गाण्यात सुरात गाऊन लगेच स्क्रीमवर जायचंय, त्यांना फ्राय जास्त सोयीचा पडेल असं मला वाटतं. बाकी खोलीत चार जणांबरोबर उभं राहून वाजवायचं असेल तर मी फॉल्स कॉर्डनेच सुरुवात करायला सांगेन, आणि श्वास एकदा पक्का बसला की मग फ्राय शिकायला सांगेन, कारण तेव्हा तोही घशावर न जाता लागतो. प्रॅक्टिस दिवसाला पंधरा-वीस मिनिटंच ठेवा, आधी साधं गुणगुणून घसा गरम करा, पाणी दिवसभर पीत राहा, गाताना प्यायलेला घोट कॉर्ड्सपर्यंत पोचत नाही. आणि घसा बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर मीठपाण्याच्या गुळण्या करत बसू नका, ईएनटीकडे जाऊन दुर्बिणीतून कॉर्ड्स बघून घ्या, आणि आपण काय गातो ते त्यांना गाऊनच दाखवा.